आधी वाच, मग तपास

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

पहिलीच्या वह्या लाल शाईने भरल्या तरी चुका कमी होत नाहीत, असं लिहिलंस. ते लाल पेन दिवाळीपर्यंत कपाटात ठेव.

मूल लिहू लागतं ते पाटीवर ‘अ’ गिरवण्याच्या बरंच आधी. अंगणवाडीतलं पोर फरशीवर खडूने रेघोट्या ओढून ‘हे आजीला पत्र’ म्हणतं, तेव्हा लिहून काही सांगता येतं हे त्याला कळलेलं असतं. पुढे चित्रं येतात, चित्राशेजारी आपल्या नावातली अक्षरं येतात, उलटीसुलटी का होईना. एमिलिया फेरेरो आणि आना तेबेरोस्की या संशोधिकांनी अर्जेंटिनातल्या मुलांशी बोलून १९७९ साली दाखवून दिलं की मुलं लेखनाचे नियम स्वतः बांधून बघतात. मोठ्या प्राण्याच्या नावात अक्षरंही जास्त हवीत, असं काहींना खरंच वाटतं!

आता तुझ्या वर्गाकडे ये. ‘पाऊस आला’चं कुणी ‘पउस अल’ करतं. काने राहिलेत, पण आवाज ओळीने बरोबर पकडलेत. ‘पत्र’चं ‘पतर’ करणाऱ्याला प, त, र तिन्ही ऐकू आलेत. ते जोडायचे कसे, एवढंच शिकायचं बाकी आहे. र्‍हस्व वेलांटी तर उच्चारात व्यंजनानंतर येते आणि कागदावर आधी काढावी लागते. सहा वर्षांच्या मुलाला हे सहज कसं जमेल? घरी ‘पानी’ म्हणणारं मूल ‘पानी’च लिहिणार. त्याचा कान चोख आहे. ‘पाणी’ हे रूप शेजारी लिहून दाखव, त्याचं खोडू नकोस.

आधी मुलालाच वाचून दाखवायला सांग. मग एका वेळी एकच गोष्ट घे: या आठवड्यात काना, बाकी सोडून दे.

हात सरावला की तिसरीच्या सुमारास ‘आणि मग, आणि मग’ करत पानभर मजकूर येतो. येऊ दे. मला धास्ती वाटते ती चौथीतल्या गाइडवरून उतरवलेल्या ‘माझी आई’ निबंधाची. शुद्धलेखन बिनचूक, आणि आई कुणाचीही.

प्रत्येक मुलाचं जूनमधलं एक पान तारीख घालून जपून ठेव. मार्चमधलं त्याच्याशेजारी ठेवून पालकसभेत दाखव. आणि ‘पतर’वाल्याचं पान मला पाठव.

तुझी,
बाई