सोवळी, शिष्ट की शहाजोग?

कथेतल्या काकूंना तू ‘कर्मठ’ म्हटलं आहेस, तिथे जरा थांब. कर्मठ माणूस स्वतःचे नेम काटेकोर पाळतो. दुसऱ्याला नावं ठेवेलच असं नाही. तुझ्या काकू तर शेजारच्या मुलीचं मोठ्याने हसणं कानावर पडताच नाक मुरडतात आणि खिडकी धाडकन लावून घेतात. त्यांना ‘सोवळ्या’ म्हण. ‘शिष्ट’ नको, त्यात आखडूपणा येतो (संस्कृतात हाच शब्द सुसंस्कृत माणसासाठी आहे). ‘शहाजोग’ तर मुळीच नको! शहाजोग माणसाच्या पोटात लबाडी असते, आणि काकू तर मनापासून सोवळ्या आहेत. ‘नीतिमार्तंड’ चारचौघांत उपदेश झोडणाऱ्यासाठी ठेव. खिडकीचं वाक्य मात्र काढू नकोस, मला ते फार आवडलं.