पहिलं बाळंतपण बायकोच्या माहेरी आहे. हॉस्पिटलमधल्या पहिल्या दोन-तीन दिवसांत नवऱ्याचं काम काय?

तुम्ही म्हणता, सासूबाई आहेत, मावशी आहेत, मग मी तिथे जाऊन करू काय? मी सरकारी रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर आहे. दारात पिशवी धरून अवघडून उभे असलेले बाबा रोज बघते. काम भरपूर आहे हो, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही.

पहिले दोन-तीन दिवस आईला येतो तो चीक. घट्ट, पिवळसर, थेंब थेंब. तो बघून कॉटभोवती कुणीतरी म्हणतंच, "हिला दूधच नाही, बाळ उपाशी आहे, पावडरचं आणा." पहिल्या दिवशी बाळाला एका वेळेला चमचाभर चीक पुरतो. पान्हा साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरून येतो, सिझर झालं असेल तर कधीकधी थोडा उशिरा. तोवर बाळाला सारखं अंगावर घ्यायचं, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा, कारण बाळ ओढतं तसं दूध वाढतं. विनाकारण वरचं पाजलं की बाळ झोपून जातं, ओढत नाही, आणि मग दूध खरंच कमी पडतं. वजन सुरुवातीला थोडं उतरतं. तीन किलोचं बाळ दोनशे ग्रॅमने कमी भरलं तर घाबरू नका. दहा टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं तर मात्र डॉक्टर बघतील, आणि वरचं दूध लागलंच तर तेही डॉक्टरच सांगतील.

दुसरा प्रसंग मधाचा. बाळ दुपट्यात गुंडाळून आणलं की आजी पर्समधून छोटी बाटली काढतात, बोटातली सोन्याची अंगठी काढून मधात बुडवतात आणि म्हणतात, "नुसतं ओठाला लावते." प्रेमानेच करतात, पण वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो. त्यातल्या जंतूंमुळे क्वचित होणारा आजार लहान बाळाच्या जिवावर बेततो. गुटी आणि साखरेचं पाणीही नकोच. मी नको म्हटलं की आजी रागावतात, माझी पाठ वळायची वाट बघतात. लेकीने म्हटलं तर "आम्ही नाही का मुलं वाढवली?" आणि जावयाने म्हटलं, "आई, डॉक्टर नको म्हणालेत, राहू द्या," की बाटली मुकाट्याने परत पर्समध्ये. जावयाचा मान असा कामाला येतो! तोच भेटायला येणाऱ्यांसाठीही वापरा. रात्रभर जागलेली बाई टाके सांभाळत उठून बसते, कारण कॉटशी चुलत सासऱ्यांचं अख्खं कुटुंब उभं असतं. त्यांना चहा प्यायला खाली घेऊन जा.

बाळाची पहिली शी डांबरासारखी काळी असते. मुलीच्या लंगोटाला एखाद-दुसरा रक्ताचा डाग दिसू शकतो. दोन्हीत काही बिघडलेलं नसतं. नाळेला तेल, हळद, पावडर काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरीच बाळं पिवळी दिसतात. बहुतेकांची कावीळ आपोआप उतरते, काहींना निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, असं बाळ बघून आईला रडू फुटतं. तेव्हा तिच्याजवळ बसा. पाजायला बाळ बाहेर काढता येतं. "कोवळं ऊन दाखवा, बरं होईल" यावर विसंबू नका. पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा आला किंवा तळपाय पिवळे दिसले तर लगेच डॉक्टरांना सांगा. बाळ सुस्त पडून दूध ओढत नसेल तरी तसंच. आणि बाळाच्या कौतुकात आईकडे दुर्लक्ष होतं म्हणून सांगते, तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल तर थांबायचं नाही, सिस्टरला हाक मारायची.

आता कागद. बीसीजी (क्षयरोगाची लस), पोलिओचा झिरो डोस म्हणजे जन्मताच द्यायचा डोस आणि हिपॅटायटिस बी या लसींची बाळाच्या लसीकरण कार्डावर नोंद आहे का बघा. हिपॅटायटिस बी चोवीस तासांच्या आत द्यायची असते. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं का तेही विचारा. बायकोचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर बाळाचा गट कळताच अँटी-डीबद्दल विचारा, म्हणजे पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून आईला द्यायचं इंजेक्शन. बाळ पॉझिटिव्ह असेल तर ते ७२ तासांत द्यायचं असतं. सरकारी रुग्णालयात असाल तर २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात प्रसूती, सिझर, औषधं, तपासण्या, जेवण आणि घरी सोडायची गाडी हे सगळं मोफत आहे. नॉर्मल झाली तरी ४८ तास राहायचं, घाई करून डिस्चार्ज मागू नका.

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. हॉस्पिटल ती माहिती पाठवतं, पण फॉर्म नातेवाईक भरतात. बारसं व्हायचंय म्हणून बाळाच्या नावाची जागा रिकामी राहिली तरी चालते, वर्षभरात फी न भरता नाव घालता येतं. आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग मात्र आधारवर आहे तसंच हवं, नाहीतर पुढे दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात. तो फॉर्म मेव्हण्याकडे सोपवू नका, स्वतः भरा.