पाण्यात बुडून मेलेली माशी मिठात ठेवली की खरंच जिवंत होते का?

माशी उठते हे खरं आहे, मिठात ठेवलेली बुडालेली माशी पुन्हा उडताना दाखवणारा जो व्हिडिओ फिरतो त्यात लबाडी असेलच असं नाही. पण ती मेलेलीच नसते, आणि मिठात जीव परत आणण्याची काही शक्तीही नाही.

माशीला फुप्फुसं नसतात. अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक श्वासरंध्रं असतात. तिथून हवा नळ्यांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत पोचते. माशी पाण्यात बुडाली की ही वाट बंद होते, आतला प्राणवायू संपतो आणि ती बेशुद्ध पडते. पाय आखडलेले, टोचलं तरी हालचाल नाही, म्हणजे बघणाऱ्याला ती मेल्यासारखीच वाटणार. माणसाचा मेंदू प्राणवायूविना चार-पाच मिनिटांतच निकामी व्हायला लागतो. कीटकांचं गणित वेगळं आहे. पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटं, म्हणजे शास्त्रज्ञांची ड्रोसोफिला, प्रयोगशाळेत चार तास अजिबात प्राणवायू न मिळताही पुन्हा शुद्धीवर येतात.

मग मीठ काय करतं? टीपकागदाचं काम करतं, एवढंच. माशीच्या अंगभर केस असतात आणि त्यांच्यात पाणी अडकून राहतं. कोरडं मीठ ते ओढून घेतं, श्वासरंध्रं लवकर मोकळी होतात. मी हे जवळून बघितलं आहे: आधी एखादा पाय थरथरतो, मग सोंड आतबाहेर होते, मग माशी पुढचे पाय एकमेकांवर घासायला लागते आणि पंख सुटे झाले की उडून जाते. त्याच पाण्यातून काढलेली दुसरी माशी नुसती वर्तमानपत्रावर ठेवा. तीही बहुधा उठते, फक्त उशिरा. चुलीतली राख, खडूची पूड, टिश्यू पेपर, कशानेही चालतं. राखेचा प्रकार तर दुसऱ्या शतकातल्या लुशियन या लेखकानेही नोंदवून ठेवला आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने 1773 च्या एका पत्रात वाइनच्या बाटलीतून निघालेल्या तीन माश्यांची हकीकत लिहिली आहे. त्याने त्या चाळणीवर उन्हात ठेवल्या आणि तीन तासांच्या आत दोन हलायला लागल्या. तिथे मीठ नव्हतंच.

आपल्याकडे पावसाळ्यात तर मिठाचा उपयोगही होत नाही. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की मिठालाच पाणी सुटतं. जुलैत कोकणात हा प्रयोग फसला तर त्यात नवल नाही.

साबणाच्या पाण्यात पडलेली माशी सहसा उठत नाही, कारण साबणामुळे पाणी श्वासरंध्रांतून आत शिरतं. तेलाचंही तसंच. माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञाने 1669 मध्ये रेशमाच्या किड्यांच्या श्वासरंध्रांना तेल लावून ते गुदमरून मरतात हे दाखवलं होतं. मधमाशी साखरेच्या पाकात पडली असेल तर मीठ अजिबात टाकू नका, आधी साध्या पाण्याने पाक धुवा आणि कोरड्या कागदावर सावलीत ठेवा. आणि गोगलगाय किंवा गांडुळावर हा प्रयोग कधीच नको. त्यांच्या ओल्या कातडीतून मीठ अंगातलंच पाणी ओढतं आणि ते तडफडून मरतात. माशीचं कवच मेणचट असतं म्हणून ती वाचते.

आता ज्या कारणाने मी हे इतकं सविस्तर लिहितोय ते सांगतो. माशीच्या याच व्हिडिओसोबत व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतो, की बुडालेल्या माणसालाही पोतीभर मिठात काही तास ठेवलं तर तो जिवंत होतो. लोक यावर विश्वास ठेवतात. 2022 साली कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्यात एका बुडालेल्या मुलाला घरच्यांनी तासन्‌तास मिठात पुरून ठेवलं होतं. त्या आईवडिलांना दोष द्यावासा वाटत नाही, आशा कोण सोडतं? पण हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी थांबलंच पाहिजे. माणसाच्या कातडीवरचं पाणी टिपून काय होणार? गुदमरलेली असतात ती फुप्फुसं, आणि हातात मिनिटंच असतात.

कुणी बुडालेला बाहेर काढला तर पोट दाबू नका, उलटं टांगू नका, मीठ शोधायला धावू नका. एकाने लगेच 108 ला फोन करावा. श्वास चालू नसेल तर दुसऱ्याने त्याला सपाट जागी उताणं झोपवून डोकं किंचित मागे करावं, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन ते पाच श्वास द्यावेत आणि मग छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात दाब द्यायला सुरुवात करावी, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने. तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब. श्वास परत येईपर्यंत किंवा रुग्णवाहिका पोचेपर्यंत थांबू नका. आणि तो उठून बसला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्याच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.