लॉट गेला, झोप गेली

पिंपरी-चिंचवड, चाकण या पट्ट्यातून माझ्याकडे समुपदेशनाला येणारी, कारखान्यात क्वालिटी (मालाची गुणवत्ता) सांभाळणारी माणसं हमखास एक प्रश्न घेऊन येतात : "मॅडम, नोकरी सोडू का?" प्रॉडक्शनवाल्याला टार्गेटचा ताप असतो, पण महिनाअखेरीला गाडी भरली की तो सुटतो. क्वालिटीवाल्याचा ताप गाडी गेटबाहेर पडली की सुरू होतो.

असेच एक गृहस्थ आले होते. चाळिशी ओलांडलेले, वाहनांचे पार्ट पुरवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत सीनियर क्यूए (गुणवत्ता हमी) इंजिनिअर. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सोबत पत्नी. "जेवतानासुद्धा फोन ताटाशेजारी उताणा ठेवतात," एवढंच त्या म्हणाल्या. गृहस्थांनी मला तो फोन दाखवला. रात्री पावणेबाराला कस्टमरच्या प्लांटमधून आलेला फोटो : पंपाची हाउसिंग, व्हर्नियर या मापकाचे जबडे, लाल मार्करचं वर्तुळ आणि खाली नुसतं प्रश्नचिन्ह. पार्ट दुसऱ्याच व्हेंडरचा निघाला. तरी पहाटेपर्यंत यांचा डोळा लागला नाही.

"टेन्शन घेऊ नका" हा सल्ला त्यांना घरादाराने देऊन झाला होता. मला त्यात रस नव्हता. दुसऱ्याचा पार्ट बघून यांना घाम का फुटला, हे कळायला हवं होतं. खोदून विचारल्यावर मार्चअखेरची गोष्ट निघाली. एका लॉटमध्ये, म्हणजे एकत्र बनलेल्या मालात, बोअर (पार्टमधलं भोक) काही मायक्रॉनने मोठा आला होता. लाल टॅग लावून लॉट होल्डवर, म्हणजे अडवून ठेवलेला. संध्याकाळी प्रॉडक्शन हेड येऊन म्हणाले, "सोड रे, असेंब्लीत चालतंय. मी बघतो." यांनी टॅग काढून सही केली. कस्टमरकडून आजतागायत तक्रार नाही. पण तेव्हापासून प्रत्येक फोन त्याच लॉटचा वाटतो.

त्यांना म्हटलं, तुमच्या झोपेचा एट-डी रिपोर्ट लिहून आणा. (कस्टमरची तक्रार आली की आठ टप्प्यांत लिहून द्यायचा हा अहवाल या मंडळींच्या हाडीमासी भिनलेला असतो.) हसले, पण आणला. मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : माझा कमकुवत स्वभाव.

"ज्युनिअरने मूळ कारण म्हणून 'ऑपरेटरची चूक' लिहिलं तर?"

"परत पाठवतो. चूक झाली, पण होऊ कशी शकली ते लिही म्हणतो."

"मग हेही परत घ्या."

पुढचा तासभर आम्ही 'का' विचारत बसलो. सही का केली? तोंडी सांगितलं म्हणून. लेखी का मागितलं नाही? माल अडवणारा म्हणून आधीच नाव झालं होतं. मग त्यांनीच सांगितलं, की वाहन उद्योगाच्या आयएटीएफ 16949 मानकानुसार, मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना डिस्पॅच आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार द्यावाच लागतो. मंजूर स्पेकबाहेरचा (ठरलेल्या मापांत न बसणारा) माल पाठवायचा तर आधी कस्टमरची परवानगी लागते. ती प्रॉडक्शन हेडच्या खिशात नसते. ऑडिटला ही उत्तरं ते तोंडपाठ देत होते.

दोन गोष्टी ठरल्या. मार्चचा लॉट क्वालिटी हेडना लेखी कळवायचा, कस्टमरला सांगण्यासकट. आणि पुढे असा प्रसंग आला तर भांडायचं नाही, दोन ओळींचा मेल टाकायचा : लॉट होल्डवर आहे, कस्टमरची परवानगी आल्यावर सोडतो. पहिल्या मेलवर बोलणी बसली. दुसऱ्यावर प्रॉडक्शन हेडकडून उत्तरच आलं नाही. लॉट गपचूप सॉर्टिंगला, म्हणजे चांगले-वाईट पार्ट वेगळे करायला, गेला. "हल्ली फार कागदी झालास," हा टोमणा मात्र कँटीनमध्ये चालू आहे, आणि तो लागतो. इन्क्रिमेंटवर काय परिणाम होईल, तेही सांगता येत नाही.

झोपेचं काम वेगळं करावं लागलं. आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने झोप बिघडलेली राहिली आणि दिवसाही त्याचा त्रास होत असेल, तर तो जुनाट निद्रानाश. तिथे औषधाआधी वर्तनोपचार करून बघतात. फोन हॉलमध्ये चार्जिंगला. अंदाजे 20 मिनिटांत झोप नाही आली तर अंथरुणातून उठायचं, डोळे जड झाले की परत यायचं. सुटीच्या दिवशीही उठायची वेळ तीच. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. रात्रीचे फोन मात्र सहकाऱ्यांशी बोलून आळीपाळीने वाटून घेतले. घोरणं, छातीत धडधड किंवा जगणं नकोसं वाटणं असतं, तर मी आधी डॉक्टरकडे पाठवलं असतं.

राहिला नोकरीचा प्रश्न. समुपदेशकाने असले निर्णय देऊ नयेत म्हणतात. एका बाबतीत मी तो नियम मोडते. त्यांना विचारलं, रिपोर्टमधलं रीडिंग बदलायला कधी कुणी सांगितलंय? "नाही," ते म्हणाले, "टॅग काढायला लावतात, आकडे बदलायला नाही." आकडे बदलायला लावलं असतं, तर दुसरी नोकरी शोधायला लागा म्हणाले असते. तूर्त राहा म्हटलं.