वाचकांचे प्रश्न : जिन्यातला दुसरा दिवा मिणमिणतो का?

प्रश्न : आमच्या दुमजली घरात जिन्याचा दिवा खालून आणि वरून, दोन्हीकडून लावता-घालवता येतो. जिन्याच्या वळणावर अंधार राहतो म्हणून तेथे दुसरा दिवा बसवला आणि त्याच्या दोन्ही वायरी वरच्या बोर्डातल्या स्विचवर जोडल्या. आता जुना दिवा नीट लागतो तेव्हा नवा बंद असतो आणि कोणतेही एक बटण फिरवले की दोन्ही मिणमिणतात. बल्ब बदलूनही फरक पडला नाही. दोष कुठे असावा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दोष बल्बात नाही आणि स्विचमध्येही नाही. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून नव्या दिव्याला न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) मिळालेलाच नाही आणि तो दोन स्विचना जोडणाऱ्या वायरींच्या मध्ये अडकला आहे, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते.

जिन्यासाठी वापरतात त्या टू-वे स्विचला तीन टर्मिनल असतात. प्रचलित जोडणीत फेज (वीज आणणारी वायर) एका स्विचच्या कॉमनवर, म्हणजे समाईक टर्मिनलवर, येते, उरलेल्या दोन टर्मिनलवरून दोन वायरी दुसऱ्या स्विचकडे जातात आणि त्या स्विचच्या कॉमनवरून एक वायर दिव्याकडे जाते. दोन्ही स्विच एकाच वायरीवर असले की दिवा लागतो. वेगवेगळ्या वायरींवर असले की वाट तुटते. आपला नवा दिवा नेमकी ही तुटलेली वाट जोडतो, त्यामुळे दोन्ही दिवे एकसर जोडणीत येऊन 230 व्होल्टचा दाब त्यांच्यात वाटला जातो. स्विच जुळले की दुसरी वायर दोन्ही टोकांना मोकळी राहते आणि नवा दिवा विझतो. अशा जोडणीत जुन्या दिव्याचा होल्डर कोणत्याही स्थितीत फेजपासून पूर्ण तुटत नाही, म्हणून बटणावर विसंबून त्याला हात लावू नये.

नवा दिवा जुन्याशी समांतर हवा. त्याच्या दोन वायरी जुन्या दिव्याच्या सीलिंग रोझमधून (छतावरील जोडणीच्या डबीतून) किंवा तेथील जंक्शन बॉक्समधून आणाव्यात. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तेथे एकत्र मिळतात, वरच्या बोर्डात बहुधा न्यूट्रल नसतोच. तो नाही म्हणून अर्थिंगची वायर वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. ती वायर पुढे कुठे तुटली तर तिला जोडलेल्या उपकरणांच्या धातूच्या आवरणात वीज उतरू शकते.

काम मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. निऑन टेस्टर मोकळ्या वायरीवरही पेटू शकतो, तेव्हा तपासणीला टेस्ट लॅम्पच बरा. अमेरिकी व्हिडिओ पाहून वायरी ओळखू नयेत: तिकडे काळी वायर फेजची असते, आपल्याकडील रूढ रंगांत ती न्यूट्रलची.

जोडणी सुधारल्यावर बटण बंद असतानाही एलईडी अगदी पुसट उजळला, तर ते लांबवर शेजारून गेलेल्या वायरींतल्या प्रेरित दाबामुळे असू शकते. त्यासाठी नवी जोडणी उकलण्यापूर्वी दुसऱ्या बनावटीचा बल्ब लावून पाहावा.