लिफ्टच्या दरवाज्यांवर व्हिनाइल लावलं, आता म्हणतायत सगळे पॅनल बदलून द्या

नमस्कार,

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझं काही चुकीचं समजलं असेल तर लगेच कळेल. एका जाहिरात एजन्सीने तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर दिली, ऑफिस बिल्डिंगमधल्या दोन लिफ्टच्या चार मजल्यांवरच्या लँडिंग दरवाज्यांवर (म्हणजे मजल्याकडच्या बाहेरच्या दरवाज्यांवर) कॅम्पेनचे ग्राफिक्स व्हिनाइलवर, म्हणजे मागे गम असलेल्या प्लॅस्टिक फिल्मवर, प्रिंट करून पेस्ट करायचे. तुम्ही केलंत. तिथेच उभं राहून एजन्सीच्या माणसाने बेसमेंटचे दोन दरवाजेही करून टाका असं तोंडी सांगितलं, तेही केलंत. महिन्याभराने दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर दरवाजा अडकायला लागला, लिफ्टच्या मेकॅनिकने रिपोर्टमध्ये 'स्टिकरमुळे डोअर जाम' असं एका ओळीत लिहून दिलं, बिल्डिंगवाल्यांनी तुम्हाला न कळवता हाउसकीपिंगकडून सगळं व्हिनाइल पातं लावून खरवडून काढलं, आणि आता स्टीलवर ओरखडे आणि गम राहिलाय म्हणून सगळ्या दरवाज्यांचे पॅनल नवीन हवेत. एजन्सीने ते पत्र जसंच्या तसं तुमच्याकडे ढकललं, बिल अडवलं, 'सर्व नुकसानीची जबाबदारी माझी' असं लिहून द्या म्हणतायत, नाहीतर पोलिसात जातो.

सगळ्यात आधी ते लिहून देऊ नका, म्हणजे अजिबातच नाही. आज तुमच्यावर जे काही आहे तो नुसता आरोप आहे, तो त्यांनी सिद्ध करायचा आहे, पण त्या कागदावर सही झाली की तो कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट 1872 च्या कलम 124 मधला नुकसानभरपाईचा करार म्हणून तुमच्यासमोर ठेवला जाईल आणि मग नुकसान कोणी केलं हा प्रश्न बाजूला पडून फक्त रक्कम किती एवढंच उरेल. व्हॉट्सअ‍ॅपवर 'सॉरी सर, बघून घेतो, अ‍ॅडजस्ट करू' असलं काही टाकायचं नाही, फोनवर गोड बोलायला हरकत नाही पण लिहिताना हात आखडता ठेवा. आधीच काही टाकलं असेल तर डिलीट मात्र करू नका, समोरच्याच्या फोनमध्ये ते असतंच आणि डिलीट केलेलं जास्त वाईट दिसतं.

दुसरं काम याच आठवड्यात करा. दरवाजे बदलायच्या आधी फोटो काढायला तिथे जायचंय. एजन्सी आणि बिल्डिंग दोघांना एक साधा ईमेल टाका की मला पाहणी करू द्या, तोपर्यंत पॅनल हलवू नका, आणि नाही म्हणाले तर ते 'नाही' लेखी येऊ द्या, तेही पुढे उपयोगी पडतं. फोटो जवळून काढा, टॉर्च तिरका धरून. हेअरलाइन फिनिशच्या स्टीलवर रेघा एकाच दिशेने असतात, आणि पात्याने खरवडलेलं असेल तर ओरखडे त्या रेघांना आडवे किंवा तिरके जातात. व्हिनाइलचा गम असले ओरखडे पाडत नाही, तो चिकट राहतो, काळा पडतो, धूळ धरतो, पण स्टील कापत नाही. म्हणजे गम राहिलाय हा एक मुद्दा आणि स्टील खराब झालंय हा वेगळा, आणि त्यांनी दोन्ही एकाच बिलात घातलेत. हीट गनने गरम करून फिल्म सावकाश ओढायची, उरलेला गम सॉल्व्हंटने पुसायचा, ही तुमच्या धंद्यातली रोजची पद्धत आहे, ती कोणी वापरलीच नाही आणि तुम्हाला बोलावलंही नाही. दरवाजे प्लेन स्टीलचे न निघता पावडर कोटिंगवाले निघाले तर मात्र प्रश्न अवघड होतो, कारण तिथे फिल्मबरोबर रंगही येऊ शकतो, म्हणून हे आधी बघा.

आता जबाबदारीचं. बिल्डिंगशी तुमचा करार नाही, त्यांचा करार एजन्सीशी किंवा एजन्सीच्या क्लायंटशी असेल. बिल्डिंगला तुमच्यावर थेट यायचं तर निष्काळजीपणा दाखवावा लागेल, काम चुकीच्या पद्धतीने केलं आणि त्याच चुकीमुळे हे नुकसान झालं, या दोन्ही गोष्टी. एजन्सी करारावरून येऊ शकते पण तिथे कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम 73 आडवं येतं, जे म्हणतं की करारभंगातून सरळ आणि नेहमीच्या क्रमाने होणारं नुकसान तेवढं मिळतं, लांबचं आणि आडून आलेलं नाही, आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे की नुकसान कमी करायचे कुठले मार्ग हातात होते तेही बघायचं. साफ करून किंवा पॉलिश करून भागत असेल तिथे दहा दरवाज्यांचे नवीन पॅनल मागता येत नाहीत. आणि दोनच मजल्यांवर दरवाजा अडकला असताना बाकीच्या दरवाज्यांचं काय, हे तर त्यांनी पत्रात सांगितलेलंच नाही.

दरवाजा अडकला याबद्दल मी तुमच्याकडून एक गोष्ट खरी खरी ऐकणार आहे. पॅनलच्या पुढच्या कडेवरून व्हिनाइल आत दुमडलं होतं का, की दर्शनी भागावरच कडेपासून थोडं आत थांबवलं होतं? मला यात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. फिल्मच्या जाडीने दरवाजा अडकतो हे मला पटत नाही, साधी प्रिंटिंगची फिल्म एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असते, वर लॅमिनेशन धरलं तरी थोडीच जास्त, आणि लिफ्टसाठीच्या युरोपच्या ईएन 81 मानकात पॅनल आणि चौकटीमधली फट नव्या दरवाज्याला 6 मिमीपर्यंत आणि झिजल्यावर 10 मिमीपर्यंत चालते, तर तेवढ्यात सपाट बसलेली फिल्म अडकत नाही. पण कडेवरून दुमडलेली फिल्म प्रत्येक उघडझापेला घासली जाते, एक कोपरा सुटतो, तो चौकटीत ओढला जातो, गम बाहेर येतो, आणि मग मेकॅनिकची ती एक ओळ बरोबर ठरू शकते. एकामागे एक सरकणारे टेलिस्कोपिक पॅनल असतील तर अजूनच, कारण तिथे दोन पॅनल एकमेकांच्या अगदी जवळून जातात.

मेकॅनिकचा रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे. तो मेंटेनन्स कंपनीचा माणूस आहे आणि दरवाजा अडकायची बाकी कारणं, म्हणजे खाली सिलच्या (उंबरठ्याच्या पट्टीच्या) खाचेत अडकलेला कचरा, झिजलेले रोलर, कपलरचं (लिफ्टचा आणि मजल्याचा दरवाजा एकत्र उघडणाऱ्या जोडणीचं) बिघडलेलं सेटिंग, ही सगळी त्याच्याच कंपनीच्या खात्यात जातात, त्यामुळे स्टिकर सापडल्यावर त्याला बरंच वाटलं असणार (हे आपल्या दोघांत). लिफ्टचं मेंटेनन्स रजिस्टर मागा, तुमच्या कामाच्या आधीचे काही महिने आणि नंतरचं. त्याच दरवाज्याची तक्रार आधीपासून असेल तर त्यांची अर्धी केस तिथेच संपली.

आणि यापेक्षाही मोठा कागद म्हणजे त्या दिवशीचं वर्क परमिट किंवा गेट रजिस्टर. लँडिंग दरवाज्यावर काम करायचं तर लिफ्ट सर्व्हिसमधून काढावी लागते, नाहीतर तुम्ही फिल्म दाबून बसवायची पट्टी (स्क्वीजी) फिरवताय आणि दरवाजा उघडतोय असं होईल. ती लिफ्ट कोणी बंद केली? तुम्ही लिहिलंय की बिल्डिंगचा टेक्निशियन येऊन बंद करून गेला. मग बिल्डिंगला काम माहीत होतं, त्यांच्या माणसाने त्यासाठी लिफ्ट थांबवली, आणि कोणीही 'यावर काही चिकटवायचं नाही' म्हणालं नाही. लिफ्ट सुरक्षित ठेवायची जबाबदारी मूळात मालकाची आणि त्याने नेमलेल्या मेंटेनन्सवाल्याची. दरवाजा फायर रेटेड (ठरावीक वेळ आग रोखणारा) आहे, त्यावर फिल्म लावायला निर्मात्याची परवानगी लागते, वॉरंटी जाते, हे सगळे मुद्दे त्यांनी पत्रात टाकलेत आणि ते फालतू नाहीत, पण हे माहीत असायला हवं होतं ते मालकाला आणि परवानगी आणणाऱ्या एजन्सीला. फक्त एक तपासा, 'आगीत लिफ्ट वापरू नका' सारखी कुठली सूचना तुमच्या ग्राफिक्सखाली झाकली गेली होती का. गेली असेल तर तो मुद्दा तुमच्या विरोधात जातो, कारण ते दिसत होतं.

बिलाकडे येऊ. व्हॉट्सअ‍ॅपवर झालेला करार हा करारच आहे, आयटी अ‍ॅक्टचं कलम 10अ त्यासाठीच आहे, आणि बेसमेंटचं तोंडी काम फुकट करायचं ठरलं नव्हतं आणि त्यांनी ते वापरलं म्हणून कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 70 खाली त्याचेही पैसे मागता येतात. एजन्सी म्हणते नुकसान वळतं करून घेतो. पण नुकसानभरपाईचा दावा हा ठरलेल्या देण्यासारखा नसतो, कोर्टाने किंवा लवादाने ठरवेपर्यंत ते देणं होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1974 मध्ये रमण आयर्न फाउंड्रीच्या केसमध्ये सांगितलंय. ते कोर्टात उलटा दावा लावू शकतात, ते वेगळं, पण स्वतःच आकडा ठरवून बिल शून्य करू शकत नाहीत.

तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) ऑर्डरच्या आधीचं असेल तर हातात अजून चांगलं हत्यार आहे. लघुउद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा 2006 सांगतो की माल किंवा सेवा दिल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ती स्वीकारली असं धरायचं. तुम्हाला पहिली तक्रार महिन्यानंतर आली. पैसे द्यायची मुदत लेखी ठरली असली तरी 45 दिवसांच्या पुढे जात नाही, आणि उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ असं व्याज लागतं. याच कायद्याच्या कलम 18 खाली फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे असले वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज करता येतो. समोरून 'हे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट (माल आणि मजुरी एकत्र असलेलं काम) आहे, कायदा लागू नाही' अशी हरकत येईल, काही हायकोर्टांनी ती मान्यही केलीय, म्हणून बिलात प्रिंटिंग आणि पेस्टिंग वेगवेगळं दाखवलेलं असलं तर बरं. उद्यम नसेल किंवा नंतर काढलं असेल तर हा रस्ता सोडा, दिवाणी दावा करायचा, आणि रक्कम 3 लाख किंवा जास्त असेल तर कमर्शियल कोर्टात जायच्या आधी मध्यस्थी करावी लागते. मुदत काम झाल्यापासून तीन वर्षं. 'पुढच्या क्वार्टरला बघू' वर ती घालवू नका.

चॅट नीट ठेवा. नुसते स्क्रीनशॉट कोर्टात टिकत नाहीत, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं सर्टिफिकेट लागतं, म्हणून तो फोन विकू नका, रीसेट करू नका, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. फिल्मच्या रोलचं लेबल, खरेदीचं बिल आणि कंपनीचं डेटा शीट पण शोधा, त्यात गम रिमूव्हेबल आहे की परमनंट ते लिहिलेलं असतं. थोड्या काळाच्या कॅम्पेनसाठी तुम्ही परमनंट गमवालं व्हिनाइल वापरलं असेल तर ते मला आत्ता सांगा, समोरच्या वकिलाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकायला लावू नका.

पोलिसांची धमकी मनावर घेऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 मधल्या 'मिस्चीफ'साठी, म्हणजे मालमत्तेचं नुकसान करण्याच्या गुन्ह्यासाठी, नुकसान करायचा हेतू लागतो किंवा ते होणार हे माहीत असावं लागतं, आणि तुम्ही ऑर्डर घेऊन, परमिट काढून, दिवसाढवळ्या काम केलंय. बोलावलं तर जा, ऑर्डरचे मेसेज आणि परमिटची कॉपी दाखवा, दिवाणी वाद आहे एवढं सांगा, तिथे कुठल्याही तडजोडीवर सही करू नका.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका दरवाज्याबद्दल तुम्ही शेवटी हळूच लिहिलंय की 'तिथे मुलाने कडेवर थोडं वळवलं होतं बहुतेक'. ते बहुतेक आहे की नक्की, कामावरच्या त्या मुलाला विचारा. नक्की असेल तर तेवढ्या एका दरवाज्याची साफसफाई आणि सेटिंगचा खर्च देऊ असा प्रस्ताव आपण वकिलामार्फत, 'विदाउट प्रेज्युडिस' (म्हणजे हा कबुलीजबाब धरू नये, असं) लिहून पाठवू, आणि त्याच पत्रात बाकीच्या नऊ दरवाज्यांचं बिल व्याजासकट मागू.