आईच्या वॉकरला टेनिस बॉल लावावेत का? आणखी काय बदल घरी करता येतात?

तुम्ही लिहिलंय की, आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, रुग्णसाहित्य केंद्रातून चार पायांचा घडीचा वॉकर आणलाय, आणि परदेशी व्हिडिओत दिसतात तसे टेनिस बॉल त्याला लावायचा विचार आहे. थोडक्यात उत्तर: लावू नका.

टेनिस बॉलची युक्ती आहे ती पुढच्या दोन पायांना चाकं असलेल्या वॉकरसाठी. तिथे वॉकर उचलत नाहीत, ढकलतात. मागच्या पायांच्या टोकाला बसवलेले रबरी बूट जमिनीला अडकून करकरतात, म्हणून त्यांच्यावर बॉल. तुमच्या वॉकरला चाकं नाहीत. तो उचलायचा, पुढे ठेवायचा, त्यावर भार द्यायचा आणि मग पाऊल टाकायचं. भार देताना वॉकरचा पाय जागचा हलता कामा नये, आणि बॉल नेमकी तीच पकड काढून घेतो. शिवाय आपल्याकडे गालिचा नसतो, गुळगुळीत टाइल्स असतात. बॉलवरची लव न्हाणीघराच्या दारातलं पाणी शोषते, मग घसरते. पुढे चाकं लावायची झाली तर ती फिजिओथेरपिस्टना विचारूनच. तेव्हा मागच्या पायांना बॉल चालतील, पण बूट काढून नव्हे, बुटावरूनच. बूट काढला की नळीची कड बॉलला आतून कापत जाते.

केंद्रातून आणलेल्या वॉकरची उंची आधीच्या पेशंटची असते, ती तशीच ठेवली जाते आणि मग "वॉकर जमत नाही" अशी तक्रार येते. आई घरात जी चप्पल घालणार तीच घालून त्यांना सरळ उभं करा, हात मोकळे सोडायला सांगा. मनगटावरची आडवी सुरकुती आणि वॉकरची मूठ एका रेषेत यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहतं. उंच झाला तर खांदे वर चढतात आणि हातांनी जोर देता येत नाही. बुटका झाला तर कंबरेतून वाकून चालतात. चारही पायांवर उंची बदलायची भोकं असतात; बटण खालून कितव्या भोकात अडकलंय ते मोजा, आकडा एकच हवा. बटण भोकातून पूर्ण बाहेर आलंय का, हे बोटाने चाचपून बघा. अर्धवट अडकलेलं बटण भार आला की आत जातं.

मग रबरी बूट बघा. तळाच्या गोल रेघा झिजून सपाट झाल्या असतील, रबर कडक होऊन चकाकत असेल किंवा चीर पडली असेल, तर चारही बदला, एकच नको. सर्जिकलच्या दुकानात पायाच्या नळीच्या जाडीचं माप विचारतात. व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) नसेल तर नळीच्या टोकाशी दोरा गुंडाळा आणि लांबी 3.14 ने भागा: 69 मिमी दोरा म्हणजे 22 मिमीची नळी, 78-79 म्हणजे 25 ची. नवा बूट चढत नसेल तर पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवा, मऊ पडतो. तेल-साबण लावून चढवू नका, नंतर सुटून येतो. घेताना बुटाच्या आत तळाशी लोखंडी चकती असलेला मिळाला तर तोच घ्या. नळी रबर फाडून खाली येत नाही. हवाई चपलेचा तुकडा खिळ्याने ठोकून बसवणारे भेटतात. रबर झिजलं की खिळ्याचं डोकं टाइलला लागतं, आणि त्याइतकं घसरणारं दुसरं काही नाही.

मुठीचा फोम घामाने सैल होऊन गोल फिरतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. घट्ट धरून पिळून बघा. फिरत असेल तर तो काढून नळी स्पिरिटने पुसा, आत थोडं सॅनिटायझर सोडून परत चढवा. ते उडून जातं आणि फोम घट्ट बसतो. फोम पक्का बसेपर्यंत, म्हणजे ती एक रात्र, वॉकर वापरू नका. बोटं दुखत असतील, मूठ पुरती वळत नसेल, तर जाड मूठ बरी: त्यावर बॅडमिंटन रॅकेटची ग्रिप ताणून गुंडाळा, प्रत्येक वेढा आधीच्यावर थोडा चढवून. वायरिंगची काळी टेप नको, उन्हाळ्यात तिचा चिकटा हाताला लागतो. जुन्या साडीची पट्टी मऊ असते खरी, पण आठवड्यात सैल पडते; वापरलीच तर शिवून टाका.

मुठीला कॅरीबॅग लटकवणं ही मला सर्वांत धोकादायक सवय वाटते. ती झुलते, वॉकर एका बाजूला ओढला जातो आणि उचलताना तिरका पडतो. त्यापेक्षा पुढच्या आडव्या दांडीला आतल्या बाजूने, म्हणजे आईच्या बाजूने, साधारण 12 बाय 10 इंचांची चपटी कापडी पिशवी वेल्क्रोने बांधा. खालचे दोन कोपरेही बांधा, म्हणजे झुलणार नाही. गुडघ्याला लागत असेल तर आणखी लहान करा. त्यात मोबाइल, चष्मा, रुमाल, एवढंच. पाण्याची भरलेली बाटली नको.

रात्रीसाठी पुढच्या दोन्ही पायांना खालच्या बाजूला रेडियमची पट्टी लावा, पण बटणावर आणि भोकांवर नको. वीज गेल्यावर टॉर्चच्या उजेडात वॉकर लगेच सापडतो.

भोक पाडणं, वेल्डिंग करून घेणं यातलं काही करू नका. नळी पातळ ॲल्युमिनियमची असते, भोकाशीच वाकते. शिवाय केंद्राची वस्तू आहे, डिपॉझिट जायचं.

काही बदल मात्र वॉकरमध्ये नाही, घरात करायचे असतात. चिंध्यांची पायपुसणी उचला, वॉकरचा पाय त्यांच्यात अडकतो. न्हाणीघराचं दार मोजताना वॉकरची रुंदी मुठीशी नव्हे, जमिनीशी मोजा. पाय खाली फाकलेले असतात. दार अरुंद असेल तर वॉकर आडवा धरून बाजूने पावलं टाकत जाता येतं, पण ते फिजिओथेरपिस्टसमोर आधी करून घ्या. गाऊन किंवा परकर घोट्याच्या वर राहील इतका आखूड करून घ्या, कारण सैल कापड खालच्या बटणाला अडकतं.